शेऱ्याचा रकाना

वाचनालयाच्या माळ्यावर दुपारी दोनला
पत्रा असा तापतो की तबकडीसुद्धा वाकेल,
म्हणून मी सकाळी सातला येते.
किल्ली, ओला फडका, शेंगाचटणी-भाकरीचा डबा
आणि दाखलनोंदीची वही,
जिच्यात तेरा वर्षं कुणी काही दाखल केलेलं नाही.

खोक्यावर लिहिलंय : गायन समाज, किरकोळ.
किरकोळ म्हणजे
एक्केचाळीस तबकड्या, त्यांतल्या नऊ फुटक्या,
तंबोऱ्याची एक खुंटी,
वाळवीनं अंतरे तेवढे खाल्लेल्या
बंदिशींच्या चार वह्या,
आणि जमाखर्च.

जमाखर्च मी दोनदा वाचला.
पेटीवाले, चार रुपये. तबला, चार.
सारंगी आली नाही, तिचा टांगा मात्र आला, सहा आणे.
चहा साठ कप. फुटलेली बशी एक.
गाणाऱ्या बाई, अकरा रुपये आणि लुगडं.
बशीची नोंद आहे,
बाईंचं नाव नाही.

सतरा नंबरची तबकडी त्यांचीच असावी.
लेबल झुरळांनी चाटून साफ केलेलं.
त्या काळी गाणं संपलं की गाणारी स्वतःच नाव सांगायची.
ही पण सांगते, घाईघाईत,
आणि तडा नेमका तिथून जातो :
माझं नाव – ठक् – बाई – ठक् – पूरकर.
सोलापूर? कोल्हापूर? विजापूर?
आपल्याकडे पुरांना काय तोटा!

आवाज कोवळा, पंधरा-सोळाचा वाटला.
मी तसं लिहूनही टाकलं : बालगायिका.

मग तिसऱ्या वहीचा पुठ्ठा सुटून हातात आला.
पुठ्ठा कसला, जकार्ड मागाचं भोकाभोकांचं कार्ड,
मागे पेन्सिलीनं तेलुगू.
मला ते येत नाही.

विडी घरकुलात आशन्ना चिलवेरींनी
आधी भोकांवरून बोट फिरवलं.
"चादरीच्या काठाचं फूल. त्यातली एकच ओळ."
मग उलटं करून, डोळ्यांजवळ नेऊन :
"अक्षर आमच्या मामाचं.
लिहितोय, तंबोरा भोंग्याला लावला.
बाई म्हणाल्या, हाच आपला सूर.
रात्रपाळीवाले समेवर उठून गेले."

पण भोंगा कुठल्या सुरात होता?
गिरणी बंद. भोंगा भंगारात गेलेला.
चिमणी आहे, पण ती काय गाणार.

आशन्नांनी चहाची बशी खाली ठेवली,
डोळे मिटले
आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या गळ्यातून
भोंगा काढला.
खालून चढत, चढत, मग एका जागी थांबलेला.
नातू हसला.
सुनेचा विडीला दोरा गुंडाळणारा हात थबकला,
तिनं घड्याळाकडे पाहिलं.
मी स्वरपेटी कानाशी धरली :
काळी चार, जरा उतरलेली.

तबकडीतली बाई काळी पाचला गात होती.

परत आले. ग्रामोफोनचा वेगाचा स्क्रू
नखानं, केसभर, आणखी केसभर
मागे घेतला.
सूर उतरला तशी ती मुलगी
माझ्यासमोर वाढत गेली,
आवाजाला बूड आलं, खर आली,
दोन ताना मधे श्वास घेतला तो ऐकू आला.
चाळिशीची बाई. माझ्याच वयाची.
इतके दिवस मी तिला पळवत होते.

पुरावा नाही, मान्य आहे.
म्हाताऱ्याचा गळा, मामाची पेन्सिल,
समितीला हे चालणार नाही.

बालगायिका खोडलं.
नावाच्या रकान्यात पेन्सिलीनं 'पूरकर' लिहिलं,
आधीची जागा मोकळी सोडून.
आणि शेऱ्यात, शाईनं :
सावकाश वाजवावी.